ताडपत्रीखालचं नाव

चौसाळ्यात हायवेला लागून सोमेश्वरचं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे. दुकानावर पत्र्याचा लांबलचक बोर्ड, आणि बोर्डाच्या उजव्या अंगाला निळ्या ताडपत्रीचा तुकडा सुतळीनं बांधलेला. त्या तुकड्याखाली माझं नाव होतं. संचालिका, सौ. करिष्मा सोमेश्वर मिसाळ, एमबीए. तेव्हा मी सौ. नव्हते, मिसाळ नव्हते आणि एमबीएही नव्हते. पण पेंटर आलाच होता, शिडी लागलीच होती, म्हणून सोमेश्वरनं सगळं एका दमात लिहून घेतलं आणि माझा निकाल लागेपर्यंत झाकून ठेवलं.

वारं सुटलं की ताडपत्रीचं टोक उडायचं आणि तेवढाच 'सौ.' दिसायचा. बाकीच्या पोरी परीक्षेच्या नावाला घाबरायच्या, मी त्या एका अक्षराला.

सोमेश्वर माझ्या आत्याचा मुलगा. लग्न एमबीए झाल्यावरच, ही अट मात्र माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझी कीव करत बसायला नको.

आम्ही वडवणीचे. अण्णा आणि आई दिवाळी झाली की कारखान्यावर ऊस तोडायला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे. फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहून शाळा होत नाही, म्हणून अण्णांनी मला त्यांच्या बहिणीकडे, चौसाळ्याला ठेवलं. भिवराआत्याचा नवरा वारलेला, पदरात एकटा सोमेश्वर. तिनं माझं नाव शाळेत घातलं, माझ्या वेण्या घातल्या, मी तापले तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मी आणि सोमा एका ताटात जेवलो, एका गोधडीवरून भांडलो. मला बीडला कॉलेजात घालायचं आत्यानंच ठरवलं. अण्णा नको म्हणत होते, तेव्हा ती त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती.

बीकॉम झालं आणि आत्या सुपारी घेऊन वडवणीला आली. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देणं म्हणजे सगळ्यात चांगलं मानतात, घरची लेक घरात राहते. आत्या म्हणाली, "माझी लेक माझ्याच घरात ऱ्हाईल, मला अजून काय पायजे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यासमोर मी नाही कशी म्हणणार होते? तोंड माझं असलं तरी ते तिच्या भाकरीवर वाढलेलं होतं. मी एवढंच म्हणाले, आधी एमबीए करू द्या. अण्णांना उलट अभिमान वाटला. चार माणसांत ते म्हणाले, "पोरगी एमबीए झाली की हळद. शब्द हाय माझा." सुपारी फुटली.

मला वाटलं होतं, दोन वर्षांत काहीतरी होईल. काय होईल ते मलाही माहीत नव्हतं. काहीच झालं नाही. पालीच्या रस्त्याला आमचं कॉलेज, खिडकीतून बिंदुसरा धरणाचं पाणी दिसायचं. वर्गात आम्ही लीडरशिप शिकायचो, निर्णय कसे घ्यायचे ते शिकायचो, त्यावर पीपीटी करायचो. मी निर्णयप्रक्रियेवर केलेल्या पीपीटीला सगळ्यात जास्त मार्क पडले. स्वतःचा एक निर्णय मात्र मला जमत नव्हता.

तिसऱ्या सेमिस्टरला मॅनेजमेंट अकाउंटिंगचा पेपर होता. माझा आवडता विषय. अर्धा पेपर लिहून झाला आणि डोक्यात हिशेब सुरू झाला. हा सुटला की चौथं सेमिस्टर, प्रोजेक्ट, व्हायवा, निकाल आणि मे महिन्यात हळद. पेन थांबला. मी उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि पेपर देऊन आले. नापास व्हायला इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. जन्मभर सगळ्यांनी उलटंच शिकवलेलं.

पुढे चौथं सेमिस्टर सुटलं, प्रोजेक्ट झाला, व्हायवाही झाली. डिग्रीला लागणारे सगळे क्रेडिट जमा झाले, राहिले ते ह्या एका विषयाचे. आणि त्या एका विषयानं मला काय काय दिलं म्हणून सांगू. बॅकलॉग आहे, क्लास लावायचाय, म्हणून बीडला खोली मिळाली. एका टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीचं काम मिळालं. खिडकीपाशी माझं टेबल होतं. व्यापारी यायचे आणि मॅडम म्हणून उभे राहायचे. डिग्री हातात आली की संभाजीनगरच्या त्यांच्या मोठ्या ऑफिसला पाठवतो, असं रामेश्वर सर, म्हणजे आमचे कन्सल्टंट, म्हणायचे. मला तिथं जायचं होतं. पण डिग्री हातात आली की मी चौसाळ्याला जाणार होते.

म्हणून मी नापास होत राहिले. त्यातही कसब लागतं. कमी लिहिलं तर संशय, जास्त लिहिलं तर विद्यापीठ ग्रेस देऊन पास करून टाकतं. एकदा तर मी पास होता होता वाचले.

आत्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझा पहिला निकाल कळला तशी ती बीडच्या खंडेश्वरीला गेली आणि देवीसमोर बोलली की माझी पोरगी पास होईस्तोवर पायात वहाण घालणार न्हाई. चप्पल तिथंच पायरीवर सोडली आणि एसटीनं अनवाणी चौसाळ्याला गेली. मला हे सोमेश्वरनं फोनवर सांगितलं, हसत हसत. मीही हसले. मला वाटलं, पुढच्या परीक्षेपर्यंतचाच तर प्रश्न आहे. पुढची परीक्षा आली, गेली. त्यापुढचीही.

या वर्षी, शेवटच्या परीक्षेचे अर्ज सुटले तेव्हा अशफाक सरांनी मला बोलावून घेतलं. अकाउंटिंग तेच शिकवायचे आणि कॉलेजातलं परीक्षेचं कामही त्यांच्याचकडे होतं.

"बस," ते म्हणाले. "सरळच विचारतो. जिनतला हा विषय कुणी शिकवला?"

जिनत माझ्या मागच्या बॅचची. तिच्या वडलांचा, पाशाभाईंचा, फळांचा गाडा आहे. ती संध्याकाळी माझ्या खोलीवर वही घेऊन यायची.

"मी, सर."

"ती पास झाली. तिच्या मैत्रिणी पास झाल्या. अन् शिकवणारी नापास. हे कसं काय?"

"पेपरात सुचत नाही सर."

"सुचत न्हाई, का सुचू देत न्हाईस?"

सर चांगले आहेत, त्यांनी ते ताणून धरलं नाही.

"कारण मला सांगू नको. घरचं काही असंल. फक्त नियम ऐक. कोर्स दोन वर्षांचा, पण नोंदणीपासून चार वर्षांत पुरा व्हायला पायजे. तुझी चार वर्षं या परीक्षेला संपायलीत. आता राहिलीस तर नोंदणी रद्द. एक विषय जात न्हाई, सगळंच जातं. प्रोजेक्ट, व्हायवा, सगळे क्रेडिट. मग पुन्हा सीईटी देऊन पहिल्यापासून ये."

हा नियम मी वाचलेला होता. प्रवेश घेताना सगळेच वाचतात आणि हसून पुढे जातात, कारण दोन वर्षांच्या कोर्सला चार वर्षं कोण लावतं? मी लावली होती. सरांच्या केबिनमधून बाहेर येता येता मी हिशेब मांडला. पास झाले तर हळद. नापास झाले तरी हळदच, कारण गेल्या वेळीच अण्णा म्हणाले होते की हे शेवटचं, आता पोरगी राहिली तर एमबीए गेलं खड्ड्यात, लगीन उरकून टाकू. फरक इतकाच की नापास होऊन गेले तर हातात डिग्रीही नसती. ज्या फटीतून मी श्वास घेत होते ती दोन्हीकडून बुजली होती.

मी ठरवलं, आत्याला सांगायचं. रविवारी एसटीत बसले आणि चौसाळ्याला उतरले. बोर्डाकडे बघायचं नाही असं म्हणत म्हणत बघितलंच.

आत्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला बघून तिचं तोंड उजळलं.

"बरी आलीस. टाचंत काटा हाय का बघ गं. लई ठसठसायलंय."

मी पिन मागून घेतली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. लहानपणी माझे काटे तीच काढायची. टाचेला भेगा पडल्या होत्या, बोट जाईल इतक्या, आणि भेगांत काळी माती बसून दगड झाली होती. तळव्याला डांबराचा काळा थर होता. बाभळीचा काटा आत मोडला होता. मी तो काढला तेव्हा ती ओरडली नाही, फक्त माझा खांदा दाबून धरला.

"आत्या, घाल की आता चप्पल. देवी काय रागवत नसती."

"गप बस. एकदा घातली तीच बास झाली."

"कवा घातली?"

ती इकडेतिकडे बघून हळू बोलली. "गेल्या उन्हाळ्यात बंकटमामाच्या मयतीला गेलते. वावरातून चालायचं, भुई तापलेली. मला चक्कर यायली म्हणून कुणीतरी आपल्या चपला काढून दिल्या. घातल्या म्या. जराशाच. अन् त्याच बारीला तू राहिलीस. कुणाला सांगितलं न्हाई म्या हे. सोमालाबी न्हाई. माझ्यामुळं लेकराचं वर्ष गेलं."

मी पिन पुसून बाजूला ठेवली. जे सांगायला आले होते, त्याची सुरुवात कुठून करावी ते कळेना. वर्षभर ही बाई माझं पाप आपल्या पायावर घेऊन बसली होती आणि मी बीडला खिडकीपाशी बसून व्यापाऱ्यांचे नमस्कार घेत होते. मला माझीच शिसारी आली.

तेवढ्यात सोमेश्वर दुकानातून आला. हातात उसाच्या रसाची पिशवी होती, मी आले की तो आणतोच.

"काय संचालिकाबाई, तयारी कशी हाय?"

"बरी हाय. सोमा, ऐक ना…"

"नाव नको घेऊ गं आता त्याचं," आत्या म्हणाली. "हळदीला आलीस, सवय मोड."

सोमा हसला. मला म्हणाला, "दुकानात टेबल लावलंय तुझ्यासाठी. तुला खिडकी आवडती न्हवं, म्हणून खिडकीपाशीच लावलं. बाहेर समदा हायवे दिसतो. कॉम्प्युटर बी आणलाय, तूच चालू कर म्हणून गुंडाळून ठिवलाय."

तो वाईट असता तर किती बरं झालं असतं. दारू पिणारा, शिव्या देणारा, हात उगारणारा असता तर मी चारचौघांत नाही म्हणाले असते आणि लोकांनीही मान डोलावली असती. पण तो रस ग्लासात ओतत होता, आधी मला, मग आईला, उरलेला स्वतःला, जसा दहा वर्षांचा असताना ओतायचा तसाच. अशा माणसाला काय सांगणार? मी रस प्याले आणि एसटीनं परत आले.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला आणि बघितलं तर एकूण एक प्रश्न येत होता. जिनतला समजावताना मी ते इतक्यांदा सोडवले होते की आकडे आपोआप जागेवर बसत होते. तरी मी बराच वेळ पेन टेकवला नाही. मग आत्याच्या टाचेतली ती भेग डोळ्यांसमोर आली, काळ्या मातीनं भरलेली. मी लिहायला लागले ते वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हाच थांबले. एवढं मन लावून मी त्या विषयाचा पेपर कधीच लिहिला नव्हता. बाहेर येऊन पालीच्या रस्त्याला एका लिंबाखाली उभी राहिले आणि रडले. पेपर चांगला गेला म्हणून रडणारी त्या कॉलेजात माझ्याआधी कुणी झाली नसेल.

निकाल लागला तेव्हा फोन अशफाक सरांचाच आला. त्या विषयात कॉलेजात पहिली आले होते मी. सर फक्त म्हणाले, "लिहिता येत होतं की गं तुला." रामेश्वर सरांनी ऑफिसात पेढे वाटले आणि संभाजीनगरचं काय ते लवकर कळव म्हणाले. मी पेढा तोंडात धरून नुसती मान हलवली. वडवणीत अण्णांनी पंचांग उघडलं होतं.

पण हळदीआधी नवस फेडायचा होता. ज्याच्यासाठी वहाण सोडली, त्यानंच देवीसमोर ती नवस बोलणाऱ्याच्या पायात पुन्हा घालायची, अशी आमच्या घराची रीत. मंगळवार ठरला. देवीचं झालं की सगळ्यांनी तसंच चौसाळ्याला जायचं, पेंटर शिडी लावून थांबणार, आणि ताडपत्री माझ्याच हातानं सोडायची.

चप्पल मी बीडमध्ये घेतली. बायकांच्या मापात आत्याचा पाय बसेना. दोन वर्षांत तो सगळीकडून पसरला होता. शेवटी दुकानदारानं गड्यांच्या चपला काढून दिल्या, तपकिरी, मऊ. "वडलांसाठी का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले.

खंडेश्वरीला आत्या नवं लुगडं नेसून आली होती. अण्णा आणि आई नारळ घेऊन उभे होते. सोमेश्वर जरा लांब, पायरीपाशी, फोनवर पेंटरला सांगत होता की निघालोच आता. देवळाबाहेर चपला घालायच्या म्हणून आत्या कट्ट्यावर बसली, देवीकडे तोंड करून. मी खाली बसले आणि तिचा पाय हातात घेतला. काटा काढला होता ती जागा अजून काळी होती.

आता चप्पल चढवली की संपलं. आत्याचं सुटलं आणि माझं बांधलं. मी तिच्या पायाकडे बघितलं आणि मला कळलं की हा पाय असा फसवून मी चपलेत घालू शकत नाही. लग्न होवो न होवो, ही बाई जन्मभर त्या मयतीच्या चपलांचा बोल स्वतःला लावत राहणार.

"आत्या," मी म्हणाले, "म्या मुद्दाम नापास होत व्हते."

"काय म्हणलीस?"

"पेपर येत व्हता मला. येत असून लिहीत नव्हते. पास झाले असते तर लगीन लागलं असतं, म्हणून."

मला वाटलं तिला कळलंच नाही. मग तिनं अगदी हळू विचारलं, "सोमात काय खोट हाय?"

"काईच न्हाई. तुझ्या घरात त्याच्या संगं वाढले म्या. मला भाऊच वाटतो त्यो."

"मंग तवाच कावून न्हाई बोललीस?"

"तुला न्हाई म्हणायला जीभ उचलली न्हाई."

आई जवळ यायला लागली होती, काय चाललंय म्हणून. आत्यानं हात वर करून तिला तिथंच थांबवलं.

"अन् त्या मयतीच्या चपला?" तिनं विचारलं. "त्या म्या घातल्या, त्याच्यामुळं न्हाई?"

"न्हाई आत्या. तुझं काईच न्हाई त्यात."

तिचा पाय माझ्या हातात होता, तो तिनं ओढून घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. तिनं वाकून माझ्या हातातल्या चपला घेतल्या, जमिनीवर ठेवल्या आणि स्वतःच पाय घातले. पहिल्यांदा अंगठा नीट शिरला नाही. ती नेटानं घालत राहिली. मग उभी राहिली.

"धर्मा," ती अण्णांना म्हणाली, "नवस फिटला माझा."

"मंग चला की, उशीर व्हायलाय," अण्णा म्हणाले.

"कुठं चला? म्या नवस बोलले व्हते पोरीच्या पास होण्याचा. लग्नाचा नव्हते बोलले. पोरगी पास झाली. सुपारी म्या आणलती, म्याच माघारी नेते."

अण्णांच्या हातातला नारळ तसाच राहिला. "आक्का, चार माणसांत शब्द दिलाय म्या. डोकं फिरलंय का तुझं?"

"तुझा शब्द मला दिला व्हता न्हवं? म्या मोकळा केला तुला."

अण्णा माझ्याकडे वळले, मी त्यांनाही खरं ते सांगितलं आणि ते बरंच काही बोलले. ते इथं लिहीत नाही. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. आई पदर तोंडाला लावून बसली. सोमेश्वर पायरीवरून वर आला होता, त्यानं शेवटचं तेवढं ऐकलं होतं. फोन अजून हातात होता आणि पलीकडून पेंटर हॅलो हॅलो करत होता.

"आज येत न्हाई रे," तो पेंटरला म्हणाला. "ताडपत्री ऱ्हाऊदे तशीच." मग त्यानं फोन खिशात घातला आणि मला विचारलं, "एकदा मला बोलायचं व्हतंस. म्या काय बांधून ठिवणार व्हतो का तुला?"

चार वर्षं मी ज्या दाराला कुलूप आहे म्हणून खिडक्या शोधत होते, ते दार मी कधी ढकलूनच बघितलं नव्हतं. हे मला त्याच्या तोंडून, त्याच्या त्या पडलेल्या चेहऱ्यासमोर कळावं, याची लाज वाटली. त्याची आई पुढे निघाली होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तिचं बघ जा. माझं ऱ्हाऊदे."

आत्या पायऱ्या उतरत होती. पायाला वहाणेची सवय राहिली नव्हती, आणि चप्पल नवी. प्रत्येक पायरीवर ती भिंतीला हात लावत होती. मी धावत जाऊन तिच्या बाजूनं चालायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली रस्त्याला लागलो तेव्हा ती लंगडत होती. पट्ट्याखाली कातडी सोलवटून लाल झालेली मला दिसत होती.

"आत्या, चावायलीय ती. काढ की. हातात दे माझ्या."

ती थांबली. लुगड्याचा काठ जरा वर धरून पायातल्या त्या गड्याच्या चपलांकडे तिनं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "तुझ्यासाठी काढून बघितली की एकदा. आता न्हाई काढत."

आणि ती लंगडत स्टँडकडे चालायला लागली. मी तिच्या मागून चालले, तिच्या चालीनं, जरा अंतर ठेवून.